गाडी लावणे आणि तळ ठोकणे : युरोपातील फिरत्या घरांच्या मुक्कामाचा प्रश्न

युरोपात घर चाकांवर घेऊन हिंडण्याचे दोन प्रकार रूढ आहेत. स्वतःचे इंजिन नसलेले, मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे घर म्हणजे कॅराव्हॅन, आणि ज्या वाहनात इंजिन, चालकाची बैठक, बिछाना, शेगडी व संडास हे सारे एकाच सांगाड्यावर बसवलेले असते ते मोटरहोम. ही बिऱ्हाडे ज्या आवारात रात्री उतरतात त्याला कॅम्पसाइट म्हणतात, आणि त्या आवारात एका बिऱ्हाडासाठी आखून दिलेल्या तुकड्याला इंग्रजीत ‘पिच’, फ्रेंचमध्ये ‘आंप्लासमाँ’, इटालियनमध्ये ‘पियाझ्झोला’ आणि स्पॅनिशमध्ये ‘पार्थेला’ अशी नावे आहेत. मराठीत या तुकड्याला ‘जागा’ आणि आवाराला ‘तळ’ म्हटले, तर अर्थ पुरेसा पोहोचतो. अशा तळांची युरोपात वाण नाही; युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, म्हणजे युरोस्टॅटच्या, गणतीनुसार संघातील देशांत मिळून त्यांची संख्या २८ हजारांच्या आसपास असून त्यांत सर्वांत मोठा वाटा फ्रान्सचा आहे. तरीही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आद्रियाटिकच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पोहोचलेल्या कुटुंबाला एकामागून एक फाटकांवर ‘जागा नाही’ असे ऐकावे लागते, आणि त्याच रात्री काही तासांच्या अंतरावरील आडगावच्या तळावर निम्म्याहून अधिक जागा मोकळ्या असतात. जागेचा तुटवडा हा मुख्यतः कायदा, शाळांच्या सुट्या आणि वाहनाचा प्रकार यांचा मेळ न बसल्याने जाणवतो, आणि म्हणून जागा शोधण्याचे शास्त्र नकाशापेक्षा या तीन गोष्टींच्या अभ्यासात अधिक सापडते.

या प्रवासाचा आरंभ ज्या गाडीपासून मानला जातो ती ‘वाँडरर’ नावाची घोडागाडी विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल-वैद्य लेखकाने १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील कारखान्यात बांधून घेतली आणि तीतून इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. त्या काळी तळ नव्हते. शेतकऱ्याचे कुरण किंवा खानावळीचे अंगण मागून घ्यावे लागे, आणि मुक्काम हा सर्वस्वी यजमानाच्या मर्जीचा विषय होता. १९०७ मध्ये इंग्लंडात कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला तेव्हा या मागून घेण्याला संघटित रूप आले, आणि पुढे १९३१ मध्ये जर्मनीत अरिस्ट डेथलेफ्स यांनी प्रवासात कुटुंब व चित्रकार पत्नी सोबत राहावी म्हणून मोटारीमागे ओढायचे घर बांधले, तेव्हापासून हा छंद मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागला. युद्धोत्तर काळात पगारी रजा आणि स्वस्त मोटारी यांमुळे त्याचा विस्तार इतका झपाट्याने झाला, की कुरणात कोणी आणि किती दिवस उतरावे हे ठरवणे सरकारांना भाग पडले.

ब्रिटनने त्यासाठी १९६० मध्ये केलेला कायदा आजही अभ्यासण्यासारखा आहे. कॅराव्हॅनच्या तळासाठी स्थानिक प्राधिकरणाचा परवाना आवश्यक करताना त्याने मान्यताप्राप्त संघटनांना एक सवलत दिली: अशी संघटना एखाद्या शेतकऱ्याच्या जमिनीस प्रमाणपत्र देऊ शकते, आणि मग त्या जमिनीवर एका वेळी पाचपर्यंत कॅराव्हॅन, केवळ त्या संघटनेच्या सभासदांच्या, वेगळ्या परवान्याविना उतरू शकतात. या एका कलमामुळे ब्रिटनच्या ग्रामीण भागात पाच-पाच जागांचे हजारो छोटे तळ उभे राहिले. कोठे सफरचंदाची बाग, कोठे गोठ्यामागचा गवताचा पट्टा, पाण्याचा एक नळ, संडासाची टाकी रिकामी करण्याचा खड्डा, आणि पैसे ठेवण्यासाठी दारापाशी डबा. शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळते, गावाचे रूप बिघडत नाही आणि प्रवाशाला गर्दीच्या हंगामातही जागा सापडते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले असल्याने, मोठ्या कॅराव्हॅन-पार्काइतकाच या पाच गाड्यांच्या नियमाचा विचार कोकणातील वाडीसाठी आणि देशावरील मळ्यासाठी व्हावा, असे येथे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

खंडावरील देशांनी मात्र प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला. तेथे कायद्याने आधी विचारले, की रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मोटरहोममध्ये माणूस झोपला तर त्याने गाडी लावली आहे की तळ ठोकला आहे. मराठीत हे दोन वाक्प्रचार ज्या सहजतेने वेगळे राहतात, तितक्याच स्पष्टपणे इटलीच्या १९९२ च्या रस्ते संहितेचे १८५ वे कलम ते वेगळे करते: वाहन केवळ आपल्या चाकांवर टेकलेले असेल, इंजिनाचे उत्सर्जन सोडून त्यातून काहीही बाहेर पडत नसेल आणि ते स्वतःच्या आकारापलीकडे रस्ता व्यापत नसेल, तोवर ते उभे केलेले वाहनच समजले जाते. स्पेनच्या वाहतूक महासंचालनालयाने २००८ च्या सूचनेत जवळजवळ हाच निकष घेतला. आत कोणी जेवत आहे की झोपले आहे याला महत्त्व नाही, परंतु गाडी स्थिर करणारे आधाराचे पाय जमिनीला टेकले, बाजूचे कापडी छत उघडले किंवा दाराबाहेर खुर्ची मांडली, की त्याच क्षणी ‘लावलेली गाडी’ ही ‘ठोकलेला तळ’ होते आणि दंड लागू होऊ शकतो. एका घडीच्या खुर्चीवर कायद्याची व्याख्या पालटते, हे नवख्या प्रवाशाला विचित्र वाटले तरी त्यामागचे तर्कशास्त्र पक्के आहे, कारण खुर्ची मांडणारा माणूस सार्वजनिक जागेचा वापर निवासासाठी करू लागलेला असतो.

ही सूट दोन्ही देशांत सरसकट मिळत नाही. नगरपालिका जागोजागी मोटरहोमना रात्री मज्जाव करणारे फलक लावतात, आणि समुद्रकिनाऱ्यांवरील वाहनतळांच्या तोंडाशी कारपेक्षा उंच वाहन आत जाऊ नये म्हणून आडवी दांडी बसवतात. पोर्तुगालचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. किनाऱ्यांवर, विशेषतः आल्गार्व्ह प्रांतात, गाड्यांची दाटी झाल्यावर तेथे २०२१ च्या आरंभी अधिकृत स्थळांबाहेर रात्री मुक्काम करण्यास जवळपास सर्वत्र बंदी आली; त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती सैल करून, संरक्षित निसर्गक्षेत्रे व किनाऱ्याचे आराखडे लागू असलेले पट्टे वगळता, एका नगरपालिका-हद्दीत ४८ तासांपर्यंत राहण्याची मुभा देण्यात आली. जर्मनीत वेगळा विचार आहे: चालकाने गाडी चालवण्याची क्षमता परत मिळवण्यासाठी सार्वजनिक वाहनतळावर एक रात्र झोपणे तेथे मान्य समजले जाते, पण टेबल-खुर्च्या बाहेर काढणे मान्य नाही. क्रोएशिया, स्लोव्हेनिया आणि ग्रीस यांनी अधिकृत तळाबाहेरच्या मुक्कामाला बंदीच घातली आहे, तर नेदरलँड्समध्ये निर्णय नगरपालिकांकडे असला तरी व्यवहारात उत्तर बहुधा नकारार्थीच असते.

सर्वाधिक गैरसमज उत्तरेकडील देशांबाबत आढळतो. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड येथे दुसऱ्याच्या मालकीच्या रानावनातूनही कोणी पायी हिंडावे, तंबू ठोकावा, रानफळे वेचावीत, असा सर्वांचा परंपरागत हक्क आहे. नॉर्वेने तो १९५७ च्या कायद्यात नोंदवला असून वस्तीच्या घरापासून १५० मीटर दूर राहण्याची आणि एका जागी दोन रात्रींहून अधिक न थांबण्याची अट त्यात आहे. हा हक्क चालणाऱ्याचा आणि तंबूवाल्याचा आहे. मोटारगाडी रस्ता सोडून रानात नेण्याला तो लागू नाही, आणि स्वीडनमध्ये तर मोकळ्या जमिनीवर वाहन चालवण्याविरुद्ध १९७५ पासून स्वतंत्र कायदाच आहे. ‘उत्तरेत कोठेही राहता येते’ या समजुतीवर विसंबून अरुंद रस्त्यांच्या कडा आणि किनाऱ्यांची गवताळ मैदाने रुतलेल्या चाकांनी खराब झाल्यामुळे नॉर्वेच्या लोफोतेन बेटांसारख्या ठिकाणी गावांना मनाईचे फलक लावावे लागले. पाहुण्यांच्या अज्ञानाची किंमत यजमानांनी मोजावी, ही स्थिती समर्थनीय नाही.

या बंदी आणि मुभांच्या मधोमध युरोपने एक तिसरी सोय निर्माण केली, आणि मोटरहोमच्या प्रवाशाच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे. फ्रान्समध्ये तिला ‘एर’, जर्मनीत ‘श्टेलप्लात्स’ आणि इटलीत ‘आरेआ दी सोस्ता’ म्हणतात: गावाने किंवा खासगी चालकाने मोटरहोमसाठी राखलेला, स्नानगृहे वा स्वागतकक्ष नसलेला साधा वाहनतळ, जेथे एक-दोन रात्री मोफत किंवा अल्प शुल्कात राहता येते. तेथे एक खांब उभा असतो. त्यात नाणे, टोकन किंवा कार्ड घातले की पिण्याचे पाणी भरता येते, वापरलेले सांडपाणी खालच्या जाळीत सोडता येते आणि संडासाची सुटकेससारखी ओढत नेण्याची पेटी रिकामी करून धुता येते. गावाच्या अर्थकारणात हा व्यवहार फायद्याचा ठरतो, कारण असा पाहुणा सकाळी पाव घेतो, आठवडी बाजार करतो आणि संध्याकाळी जेवायला बाहेर पडतो. फ्रान्समधील ‘फ्रान्स पासियाँ’ या योजनेने हीच कल्पना मळ्यांपर्यंत नेली. तिच्या सभासदाला द्राक्षमळ्याच्या, मधुपालाच्या किंवा चीज बनवणाऱ्याच्या अंगणात २४ तास विनाशुल्क थांबता येते, खरेदीची सक्ती नसते, पण गाडीत स्वतःचा संडास व सांडपाण्याची टाकी असणे बंधनकारक असते.

या सोयींचे दार कॅराव्हॅनला बहुतेक ठिकाणी बंद असते, ही गोष्ट वाहन भाड्याने वा विकत घेण्यापूर्वीच ध्यानात घ्यायला हवी. ओढगाडी सुटी करून ठेवली की ती वाहन राहत नाही, मागे उरलेले घर ठरते, म्हणून कायदा आणि गावकरी दोघेही तिच्याकडे अधिक संशयाने पाहतात. कॅराव्हॅनवाल्याला पूर्ण सोयींचा तळ शोधावाच लागतो. त्याची भरपाई अशी, की एकदा घर लावून झाले की मोटार मोकळी होते, आणि गावात, डोंगरात, अरुंद गल्लीत कोठेही जाता येते, तर मोटरहोमवाल्याला दूध आणायलाही सारे घर सोबत न्यावे लागते.

अधिकृत तळावर जागा मिळणे न मिळणे हे मुख्यतः शाळांच्या वेळापत्रकावर ठरते. जर्मनीची १६ घटकराज्ये उन्हाळी सुट्या आळीपाळीने घेतात, परंतु बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग यांची सुटी दरवर्षी सर्वांत उशिरा, जुलैअखेर सुरू होऊन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. म्युनिकहून ब्रेनर खिंडीमार्गे उत्तर इटलीतील गार्डा सरोवर एका दिवसाच्या टप्प्यात असल्यामुळे, इतरत्र शाळा उघडल्यावरही तेथील तळ भरलेलेच असतात. शिवाय पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतर बव्हेरियात दोन आठवड्यांची सुटी असते, म्हणून मे-जूनमध्येही, म्हणजे ज्या काळाला परदेशी प्रवासी ‘हंगामापूर्वीचा’ समजतात त्या काळात, गार्डाकाठी जागा मिळणे कठीण जाते. नेदरलँड्सने देशाचे तीन विभाग करून सुट्या पुढेमागे ठेवल्या आहेत. फ्रान्सच्या शाळा उन्हाळ्यात सगळ्या एकदम, जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, बंद असतात, आणि जुलै-ऑगस्टच्या सांध्यावरील शनिवारी जाणारे व परतणारे प्रवासी एकाच वेळी रस्त्यावर येतात. रहदारीचा अंदाज देणारी ‘बिझाँ फ्युते’ ही तेथील सरकारी सेवा अशा दिवसांना काळा रंग देते. इटलीत १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ या सणाभोवतीचे दोन आठवडे किनारा पूर्ण व्यापलेला असतो. याउलट डेन्मार्क व स्वीडनच्या शाळा ऑगस्टच्या मध्यापर्यंत उघडलेल्या असतात, त्यामुळे तेथील समुद्रकाठचे तळ, हवा अजून उबदार असतानाच, एकाएकी रिकामे होतात. युरोपचा उन्हाळा असा पट्ट्यापट्ट्याने सरकत जातो, आणि ज्याला तो वाचता येतो त्याला आरक्षणाची फारशी गरज उरत नाही.

आरक्षणाबाबत टोकाची मते ऐकू येतात. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्र किंवा प्रसिद्ध सरोवर हवे असेल, तर महिनोन्‌महिने आधी जागा राखण्याला पर्याय नाही. व्हेनिसजवळच्या काव्हालिनो-त्रेपोर्ती किनारपट्टीवर अवाढव्य तळ एकाला एक लागून असूनही ते ऐन हंगामात भरतात, आणि अनेक तळ त्या काळात आठवड्याहून कमी मुक्काम स्वीकारत नाहीत. अंतर्भागात, नदीकाठच्या गावांत, मध्य फ्रान्सच्या पठारावर किंवा जर्मनीच्या मोझेल खोऱ्याबाहेरच्या लहान गावांत मात्र रोजचा मुक्काम आधी ठरवून घेणे म्हणजे या प्रवासातील मोकळीक विकत देणे होय. तेथे वेळ साधणे पुरेसे असते. मुक्कामाला असलेले लोक साधारण अकरा-बाराच्या सुमारास जागा सोडतात, म्हणून बाराच्या आत पोहोचणाऱ्याला निवड मिळते. दुपारी एक ते तीन या वेळात जर्मनीतील अनेक तळांवर ‘मिटाग्सरूहे’, म्हणजे मध्यान्ह-विश्रांती, पाळली जाते. फाटकाची दांडी खाली असते, कचेरी बंद असते, आणि सव्वाला आलेल्या गाडीने बाहेर रांगेत उभे राहायचे असते. उशिरा येणाऱ्यांसाठी डेन्मार्कमध्ये ‘क्विक-स्टॉप’ नावाची सोय आहे, जीत रात्री आठनंतर यायचे व सकाळी दहापूर्वी निघायचे, आणि दर कमी.

शोधाची साधनेही याच गरजेतून जन्मली. १९६५ मध्ये एड व्हान रैन या डच शिक्षकाने सुरू केलेली ‘एसीएसआय’ ही संस्था दरवर्षी निरीक्षक पाठवून तळांची तपासणी करते आणि हंगामाबाहेर ठरावीक दराने जागा देणारे सवलतपत्र विकते. त्या एका दरात दोन प्रौढ, वाहन, वीज, गरम पाण्याची आंघोळ आणि एक कुत्रा यांचा समावेश असतो, त्यामुळे निवृत्त प्रवासी मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांना चिकटून असतात. जर्मनीच्या ‘एडीएसी’ या मोटार संघटनेची मार्गदर्शिकाही तितकीच विश्वासार्ह मानली जाते. अलीकडे ‘पार्क-फॉर-नाइट’सारखी ॲप प्रवाशांनीच नोंदवलेली ठिकाणे दाखवतात. ती उपयुक्त असली तरी एखाद्या शांत वाहनतळाची नोंद तेथे झाली की काही महिन्यांत तेथे रोज दहा-पंधरा गाड्या उभ्या राहतात आणि पुढच्या हंगामात मनाईचा फलक लागतो. म्हणून नोंदीची तारीख आणि जागेवरचा फलक यांत विरोध आढळल्यास फलक अंतिम मानावा.

जागा सापडल्यावरही ती आपल्या गाडीला पुरते का, हा प्रश्न उरतो, आणि मराठी कुटुंबांना तो सर्वांत आधी विजेच्या बाबतीत भेटतो. तळावरच्या खांबात निळ्या झाकणाची, तीन गोल पिनांची जोडणी असते. तिच्यामागे २३० व्होल्टचा पुरवठा असला तरी प्रत्येक जागेला मिळणारा प्रवाह ४, ६, १० किंवा १६ अँपिअर असा मर्यादित असतो. ६ अँपिअर म्हणजे सुमारे १३८० वॉट. इंडक्शन शेगडीवर कुकर चढवून ती २००० वॉटवर केली, की शिट्टी होण्याआधीच खांबातील खटका पडतो, गाडीभर अंधार होतो, आणि काही तळांवर तो खटका कुलूपबंद पेटीत असल्याने कर्मचारी सापडेपर्यंत वरणभात अर्धाकच्चा राहतो. ज्यांना रोजचा स्वयंपाक घरच्यासारखा करायचा आहे, आणि शाकाहारी कुटुंबांना याच सोयीसाठी फिरते घर हवे असते, त्यांनी जागा निवडताना अँपिअरचा आकडा तारांकनाआधी पाहावा, किंवा स्वयंपाक गॅसवर ठेवावा. गॅसच्या नळकांड्यांची जोडणी मात्र देशागणिक वेगळी असते, आणि ब्यूटेन वायू गोठणबिंदूजवळ बाहेर येईनासा होत असल्याने थंडीत प्रोपेनच लागतो.

भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांसमोर आणखी एक अडचण आहे. शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत निवासाचा पुरावा जोडावा लागतो, आणि ‘वाटेत जागा शोधू’ हे उत्तर तेथे चालत नाही. म्हणून निदान मुख्य टप्प्यांसाठी तळांची आरक्षणे हाती असणे शहाणपणाचे ठरते. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पारपत्र असलेल्यांनाही लागू झाल्याने, लंडन वा लेस्टरला स्थायिक झालेल्या आणि निवृत्तीनंतर हिवाळाभर स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर राहण्याचा बेत करणाऱ्या मराठी दांपत्यालाही हा हिशेब करावा लागतो. बेनिडॉर्मच्या परिसरातील तळ जानेवारीत जर्मन व डच मुक्कामींनी भरलेले असतात, हेही त्या बेतात धरावे.

या साऱ्या अडचणी अभ्यासाने सुटतात. एक मात्र अशी आहे, जी प्रवाशाच्या हातात नाही. फ्रान्सच्या तळांवर मोकळ्या जागा कमी होत चालल्या आहेत आणि त्यांच्या जागी ‘मोबिल-होम’, म्हणजे नावापुरती चाके असलेली, भाड्याने द्यायची लाकडी-पत्र्याची घरे बसत आहेत, कारण एका आठवड्यात असे घर मोकळ्या गवतापेक्षा कितीतरी पट उत्पन्न देते. जर्मनीत अनेक तळांचा मोठा हिस्सा वर्षभर एकाच कुटुंबाने घेतलेला असतो, आणि तळावरील एकूण जागांचा आकडा पाहून येणाऱ्या वाटसरूला त्यांतल्या मोजक्याच मिळतात. या ओढीत सर्वांत नाजूक स्थिती फ्रान्समधील ‘काँपिंग म्युनिसिपाल’, म्हणजे नगरपालिकेच्या तळांची आहे. नदीच्या वळणावर पॉप्लरच्या रांगा, नीट कापलेली कुंपणे, स्वच्छ न्हाणीघरे, आणि स्वागतकक्षाच्या काचेवर चिकटवलेली चिठ्ठी: ‘कृपया जागा निवडून उतरा, रखवालदार संध्याकाळी येईल.’ सहा-सातच्या सुमारास रखवालदार पावतीपुस्तक घेऊन गाडीगाडीपाशी जातो, माणसे आणि विजेच्या जोडण्या मोजतो, निघण्याचा दिवस विचारतो आणि सुट्या पैशांत हिशेब चुकता करतो. अशा तळाचा खर्च लहान गावाला झेपेनासा झाला की तो खासगी चालकाला करारावर दिला जातो, आणि मग पुढच्या हंगामात नदीकडची रांग, जेथे कॅराव्हॅन उतरत असत, भाड्याच्या घरांसाठी राखली जाते आणि वाटसरूला रस्त्याकडची बाजू दाखवली जाते.